आमच्या शाळेतली ‘ईदगाह’

“आपा, ड्रामे के वास्ते भेजती क्या मैं बच्ची को स्कूल?”

नानी फाटकातच उभ्या होत्या. मधली सुट्टी संपत आली होती आणि मुलं नळावर गर्दी करून होती. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर त्यांचा आवाज खाली आला. म्हणाल्या, मुलगी रात्री झोपेत एकच वाक्य पुटपुटते आणि मग उठून रडते. मराठीत पुटपुटते, त्यामुळे मला काही कळत नाही. काय शिकवलं तुम्ही तिला?

कोणतं वाक्य ते मला लगेच कळलं. आणि इतके दिवस मला काहीच कळलं नव्हतं, हेही त्याच क्षणी कळलं.

आमची शाळा जुन्या नाशकात, दूध बाजार आणि चौक मंडईच्या मधल्या गल्ल्यांमध्ये आहे. उर्दू माध्यम, पहिली ते आठवी, आठ खोल्या आणि एक फरसबंद अंगण. मी उर्दू आणि मराठी शिकवते. वेळापत्रकात कलेचा तास आहे, पण कलेचा शिक्षक नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत. आमचा पट 81. म्हणजे 81 मुलांना चित्र काढावंसं वाटत नाही, 101 मुलांना वाटतं, असा त्याचा अर्थ घ्यायचा. त्यामुळे कलेचा तास ज्याचा अभ्यासक्रम मागे पडला त्याच्या वाट्याला जातो. खोटं कशाला बोलू, कित्येक वर्षं मीही तो मराठी व्याकरणासाठी वापरला आहे.

2024 च्या जानेवारीत मुख्याध्यापकांनी विचारलं, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे, आपण काय करायचं? दर वर्षी दोन मुलं पाठ केलेली भाषणं म्हणतात, एक फलक लिहिला जातो, फोटो निघतो, अहवाल जातो. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, त्यांच्याच नाशकात, आमची मुलं न समजलेली वाक्यं म्हणून दाखवतात. मी म्हटलं, या वेळी नाटक करू. आणि ते प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’चं करू, मराठीत.

गोष्ट 1933 सालची. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ती शाळेत वाचली असेल. आईबाप नसलेला चार-पाच वर्षांचा हामिद, त्याची म्हातारी दादी अमीना, ईदच्या जत्रेसाठी मिळालेले तीन पैसे. बाकीची मुलं मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद लोखंडी चिमटा घेऊन येतो, कारण तव्यावरून रोटी काढताना दादीची बोटं भाजतात. मुंशी प्रेमचंद म्हणजे धनपतराय, कायस्थ घरातले. लिहायला सुरुवात केली उर्दूत. एका हिंदू लेखकाने लिहिलेली ईद उर्दू शाळेतल्या मुलांनी मराठीत करायची, ही कल्पना मला फार आवडली होती. तेव्हा मला कल्पनाच दिसत होती, मुलं नंतर दिसली.

नाटक मी लिहिलं नाही, वर्गाने लिहिलं. मी एकेक प्रसंग उर्दूत वाचायची आणि मुलं मराठीत सांगायची. पहिल्याच दिवशी गाडी एका शब्दावर अडली. तो शब्द म्हणजे ‘खेळणं’. गोष्ट जत्रेची, तेव्हा हा शब्द वाक्यावाक्याला येणार. उर्दूत ळ नाही, ण नाही आणि नपुंसकलिंगही नाही. तिन्ही संकटं या एका शब्दात. ‘खिलौना’ पुल्लिंगी, म्हणून पोरं म्हणायची, “माझा खेलना बघ.” मी चाळीस वेळा फळ्यावर लिहिलं असेल, ‘माझं खेळणं’. ते व्याकरणाच्या तासाला कधी आलं नाही. पण भिश्ती हातात घेऊन जत्रेत मिरवायचं ठरल्यावर एका मुलाने दुसऱ्याला दरडावून सांगितलं, “माझा नाय, माझं! खेळणं आहे ते!” त्या दिवशी मी घरी जाताना एकटीच हसत होते.

उलटही झालं. सातवीतल्या एका मुलाने वहीत दोन रकाने केले आणि दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द लिहून आणले. चिमटा, तवा, बाजार, पैसा, कागद, शाई, दुकान. “आपा, आधी कोणाचे होते?” मी म्हटलं, काही फारसीतून आले, काही इथलेच, पण आता दोघांचे. ‘दुकान’वर मात्र त्याचं भांडण होतं, कारण आपल्याकडे ती दुकान आणि मराठीत ते दुकान. तीन पैशांचाही हिशोब झाला. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे आणि आण्याचे चार. म्हणजे हामिदजवळ पुरता आणाही नव्हता. दुकानदार आधी सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो आणि हामिद तीन म्हणतो. हा प्रसंग मुलांनी इतका घोळवला, की चौक मंडईत आईबरोबर भाजी घेताना ऐकलेली सगळी घासाघीस त्यात आली. मला ती कापावी लागली.

खेळण्यांसाठी कुंभारवाड्यातून माती आणली. मोहसिनचा भिश्ती, महमूदचा शिपाई, नूरेचा वकील. दोन तास अंगणात माती, पाणी आणि आरडाओरडा. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा भिश्तीच्या खांद्यावरची मशक इतकी बेमालूम करत होता की मी बघतच राहिले. हा मुलगा सात वर्षं माझ्या शाळेत आहे आणि त्याच्या हातात काय आहे हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या कमिटीतले एक बुजुर्ग आले. पुतळे का करता, तोंडं का काढता, आणि वर गाणंबजावणंही आहे म्हणे? त्यांचा स्वर रागाचा नव्हता, काळजीचा होता. घराघरांत हा प्रश्न असतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. मी त्यांना म्हटलं, आपण दोघं मौलानासाहेबांकडे जाऊ.

मौलानासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची हदीस सांगितली. लहान वयात त्या बाहुल्यांशी खेळत, मैत्रिणी येत, आणि रसूलुल्लाह (स.) घरात आले की मैत्रिणी लपत, तर आप (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवत. ही हदीस बुखारीत आहे. मुलांच्या खेळण्यांना बहुतेक फकीहांनी परवानगी दिली आहे, असं ते म्हणाले. ईदच्या दिवशी दोन मुली आयशांच्या घरी गात होत्या, हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना टोकलं, तेव्हा आप (स.) यांनी राहू द्या, ईद आहे असं सांगितलं, तीही हदीस त्यांनीच आठवून दिली. पण वाद्यांच्या बाबतीत ते ठाम होते. डफ चालेल, बाकी काही नको.

माझं मत इथे थोडं वेगळं आहे. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणारी घराणी मुसलमान आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपल्या हयातीत किती मराठी मुलामुलींना गाणं शिकवलं त्याची गणती नाही. मी घरी रेडिओवर नाट्यसंगीत ऐकते. पण शाळा माझ्या एकटीची नाही. ज्या आईबापांनी विश्वासाने मुलं पाठवली त्यांच्या मनावर पाय ठेवून नाटक करायचं नव्हतं. डफ तर डफ.

आणि डफ काही कमी नव्हता. हा शब्दही दोन्ही रकान्यांत बसतो. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवणारी माझी एक मैत्रीण मुलांकडून पोवाडे बसवून घेते. तिचा डफ मी मागून आणला. मुलांना सांगितलं, बार्शीचे महबूब हुसेन पटेल नावाचे एक शाहीर होते, लोक त्यांना अमर शेख म्हणत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हाच डफ घेऊन ते मैदानं गाजवत होते. मुलं म्हणाली, आपल्यातले? म्हटलं, आपल्यातले. कमिटीतल्या बुजुर्गांनाही मी वाटेत इब्राहिम अल्काझींबद्दल सांगितलं. अरब व्यापाऱ्याचा मुलगा, 1925 मध्ये पुण्यात जन्मलेला, 1962 पासून पंधरा वर्षं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा संचालक. ते म्हणाले, “पुण्यात अरब?” त्यांना त्याचंच जास्त नवल वाटलं.

नमाजचा प्रसंग कसा करायचा हा खरा पेच होता. गोष्टीत ईदगाहवर हजारो लोक एका रांगेत झुकतात. गोल्फ क्लब मैदानाजवळच्या शाहजहानी ईदगाहवर ते दृश्य आमच्या प्रत्येक मुलाने पाहिलेलं आहे. पण नमाजची नक्कल रंगमंचावर करायची? मला स्वतःलाच ते पटेना. तोडगा एका पाचवीतल्या मुलीने काढला. “आपा, फक्त चपला ठेवू या.” अंगणाच्या कडेने लहानमोठ्या चपला-बुटांच्या रांगा लावायच्या, डफ थांबवायचा आणि सगळ्यांनी क्षणभर गप्प राहायचं. बस.

आता त्या वाक्याकडे येते.

अमीनाचं काम मी सातवीतल्या एका मुलीला दिलं होतं. ती वाचताना अडखळते. पहिला शब्द घशात अडकतो, मान ताठ होते, वर्ग खुसखुसतो. मी कुठेतरी वाचलं होतं, आणि पाहिलंही होतं, की अशी मुलं गाताना किंवा दुसऱ्याच्या भूमिकेत बोलताना पुष्कळदा अडखळत नाहीत. शाळेत सकाळी इक्बाल यांची ‘बच्चे की दुआ’ होते, तेव्हा ती पहिल्या रांगेत उभी राहून स्वच्छ आवाजात गाते. म्हणून मी तिला म्हातारी केलं. माझी युक्ती लागू पडली. कमरेत वाकून, आवाज जाड करून ती बोलायला लागली की अडखळणं गायब. मी स्टाफरूममध्ये फुशारकी मारली.

फक्त एका ठिकाणी ती थांबायची. अमीना हामिदला सांगते की तुझी अम्मी अल्लाहमियाँच्या घरी गेली आहे, तुझ्यासाठी छान छान वस्तू आणायला. तिथे आली की गप्प. मी म्हणायची, पुन्हा. ती पुन्हा सुरू करायची, तिथेच पुन्हा थांबायची. मी तिला श्वास घ्यायला शिकवलं, वाक्य तोडून दिलं, शब्द सोपे करून दिले. एकदा वैतागून म्हटलं, “अगं, एवढं सोपं वाक्य आहे!”

तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. मला माहीत होतं. हजेरीपटाच्या पहिल्या पानावर मीच ते लिहिलं होतं. वडील रिक्षा चालवतात, घर नानी चालवतात. आणि मी त्या मुलीला रोज पाच-सहा वेळा तेच वाक्य म्हणायला लावत होते.

नानींना मी गोष्ट सांगितली. पूर्ण, सुरुवातीपासून चिमट्यापर्यंत. त्या ऐकत होत्या, आणि दादीची बोटं भाजतात तिथे त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मी माफी मागितली. म्हटलं, काम दुसऱ्या मुलीला देते, किंवा ते वाक्य काढून टाकते. नानी म्हणाल्या, तिलाच विचारा.

मुलगी आली. उर्दूत म्हणाली, अडखळत, पण म्हणाली, “दादी झूठ बोलती है, आपा. नानीने मेरे से झूठ नहीं बोला था.”

तिला वाक्य नको नव्हतं. तिला ते खोटं वाटत होतं. हामिद लहान आहे, त्याला वाईट वाटू नये म्हणून दादी तसं सांगते, असं मी म्हटलं. त्यावर तिने विचारलं, मग दादीला तसं सांगताना वाईट वाटत नसेल का? मी वीस वर्षं ही गोष्ट शिकवते आहे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही नाही. काम तिच्याकडेच राहिलं. वाक्यही राहिलं. ते कसं म्हणायचं हे मी तिच्यावर सोडलं, आणि नंतरच्या तालमींत तिथे आलं की आम्ही सरळ पुढच्या वाक्यावर जायचो.

फलक रंगवायचा होता. फ्लेक्स करायला मी सारडा सर्कलकडे निघाले, आणि वाटेत रिक्षांच्या पाठीवर नावं घालणारा एक तरुण दिसला. त्याने हाक मारली. आमच्याच शाळेचा. मला तो आठवत होता आणि आठवू नये असंही वाटत होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत याच्या मराठीच्या वहीत मला चित्रंच चित्रं सापडली होती. घोडे, ट्रक, माणसांचे चेहरे. मी ती पानं सगळ्यांसमोर फाडली होती आणि वर ऐकवलं होतं की तसवीर काढणं गुनाह आहे, आणि मराठीच्या वहीत तर दुप्पट. वर्ग हसला होता. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. चित्रामुळे सोडली असं नाही, घरची अडचण होती. पण इंटरमिजिएट ड्रॉइंगला अ श्रेणी मिळाली तर दहावीत 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3, हे नियम पुढे आले तेव्हा मला दर वेळी त्याचीच वही आठवली. ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राला माणसंच काढावी लागतात.

तो दिवसभर माणसं काढत नाही. अक्षरं काढतो. फ्लेक्समुळे पाट्यांचं काम गेलं, आता रिक्षा आणि नंबरप्लेटा. मी फलकाचं सांगितल्यावर त्याने पैसे नाकारले, आणि संध्याकाळी शाळेत येऊन एका जुन्या फळीवर दोन ओळी रंगवल्या. वर नस्तालीकमध्ये, खाली देवनागरीत, ‘ईदगाह’. मुलं भोवती जमली. त्याने त्यांना बोरूचं टोक तिरकं कसं कापायचं ते दाखवलं. म्हणाला, उर्दूला एक तिरका, मराठीला दुसऱ्या बाजूने तिरका, कलम तीच. वहीबद्दल तो बोलला नाही. मी बोलले. जाताना फाटकाजवळ म्हटलं, बेटा, ती पानं मी फाडायला नको होती. तो म्हणाला, “कौनसी, आपा? आप तो बहुत बार फाड़े.”

27 फेब्रुवारी मंगळवारी होती. शबे-बरात दोन दिवसांपूर्वी झालेली, रमजान पंधरा दिवसांवर. कालिदास कलामंदिराचं भाडं आमच्यासारख्यांच्या हिशोबात बसत नाही, त्यामुळे अंगणातच चार बाकं जोडून रंगमंच केला. आया, खाला, फुफी, मांडीवरची पोरं, सगळ्यांनी अंगण भरलं. मैत्रीण तिच्या पोवाडेवाल्या चार मुलांना घेऊन आली होती. कमिटीतले बुजुर्ग पहिल्या रांगेत. मौलानासाहेब आले नाहीत, पण त्यांचा नातू नूरे झाला होता, त्याचा वकील फुटतो तेव्हा तो खराखुरा रडला, कारण माती ओली राहिल्याने खेळणं वेळेआधीच फुटलं.

चपलांच्या रांगा लागल्या, डफ थांबला. अंगणात इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती.

अमीनाचा प्रसंग त्याच्या बराच आधी होता. माझी सक्त सूचना होती की प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, आवाज मागे जातो. ती मुलगी हामिदला टोपी घालता घालता वळली, आमच्याकडे पाठ केली, परातीशी बसली आणि पीठ मळता मळता ते वाक्य म्हणाली. आवाज लहान होता. पण एकही शब्द अडकला नाही, आणि मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांपर्यंत तो पोचला, कारण मी त्यांना रिक्षाचा बिल्ला हातात चिवडत खाली बघताना पाहिलं. हामिद झालेला तिसरीतला मुलगा तिचा चेहरा बघत होता. तो एकटाच बघू शकत होता. त्याने पुढचं वाक्य विसरून तिच्या गळ्यात हात टाकले. ते आमच्या संहितेत नव्हतं.

शेवटी चिमटा आला. दादी रागावली, मग रडली, मग दुआ द्यायला लागली. टाळ्या झाल्या, पोवाडेवाल्या मुलांनी आमच्या मुलांना खांद्यावर उचललं, बुजुर्गांनी रंगवलेल्या फळीची जागा बदलायला सांगितली, ती ऑफिसच्या दारावर हवी म्हणाले. गर्दी ओसरल्यावर नानी बाकांच्या मागे काहीतरी शोधत होत्या. चिमटा त्यांच्याच घरचा होता. रात्रीच्या रोट्या व्हायच्या होत्या, मुलीला निरोप पाठवून पाठवून त्या दमल्या होत्या. शोधून दिला तर त्यावर रंगाचा डाग. त्यांनी तो तिथेच नळावर नखाने खरवडून काढला आणि दुपट्ट्यात गुंडाळला.

ती मुलगी वर्गात वाचताना अजून अडखळते. मी आता वाट बघते.

पेंटर शनिवारी येतो, कधी येतो, कधी येत नाही. कलेचा तास मी व्याकरणाला घेत नाही, निदान शनिवारचा नाही. मशक करणारा मुलगा आणि आणखी दोघं एलिमेंटरीला बसले. डफ अजून आमच्याच कपाटात आहे. मैत्रिणीने दोनदा आठवण केली.